बारा आठवड्यांचा धीर

एप्रिलमध्ये दुपारी तीनला सोलापूरच्या सात रस्ता चौकात फारसं कोणी नसतं. पारा बेचाळीसच्या आसपास असतो आणि ज्याला त्याला सावली हवी असते. अशाच एका दुपारी दुकानासमोर स्कूटर लावून एक बाई आत आल्या. स्कार्फचे दोन वेढे हनुवटीखालून घेऊन मागे गाठ मारलेली, फक्त डोळे दिसत होते. सोलापुरात उन्हाळ्यात सगळ्याच जणी असा स्कार्फ बांधतात. पण यांनी पंख्याखाली येऊनही तो सोडला नाही. दुसरं गिऱ्हाईक बाहेर पडेपर्यंत थांबल्या आणि मग पर्समधून एक ट्यूब काढून काउंटरवर ठेवली. टूथपेस्ट संपत आली की गुंडाळतो, तशी खालून गुंडाळत वरपर्यंत आणलेली.

“अक्का, हीच द्या.”

“चिठ्ठी आहे का?”

“चिठ्ठी कसली? दोन वर्षं हीच लावते. जावेनं सांगितली होती. चार दिवसांत चेहरा साफ होतो.”

“मग बंद का नाही केली?”

“बंद केली की दुप्पट येतात.”

आणि त्यांनी स्कार्फ सोडला. गालांची कातडी पातळ होऊन चकाकत होती आणि तिच्याखाली लाल शिरांची बारीक जाळी दिसत होती. हनुवटीवर एकसारख्या आकाराच्या लाल पुळ्या, जबड्याच्या कडेला दोन मोठ्या, दुखऱ्या गाठी. कानशिलांजवळ लव वाढलेली. वय अडतीस. “मुलगी दहावीला आहे,” त्या म्हणाल्या, “तिला एक मुरूम नाही. माझंच हे काय चाललंय?”

फार्मासिस्ट म्हणून मी बावीस वर्षं काउंटरच्या आत उभी आहे. हा प्रश्न मला मराठीत विचारला जातो, शहराच्या पूर्व भागातल्या बायका तेलुगूतून ‘मोटिमलु’ म्हणून विचारतात, अक्कलकोटकडून आलेल्या कन्नडमधून ‘मोडवे’ म्हणून. पुरुषही विचारतात, फक्त ते ‘घरच्यांसाठी पाहिजे’ असं सांगून सुरुवात करतात. ही पुस्तिका त्या प्रश्नांतून तयार झाली. पुढच्या पानांवर जे आहे ते वाचण्याआधी काही गोष्टी मनाशी पक्क्या व्हाव्यात, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

पहिली गोष्ट नावाची. आपण या विकाराला तारुण्यपीटिका म्हणतो आणि हे नाव फार जुन्या समजुतीवर उभं आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांमध्ये ‘मुखदूषिका’ येते. काटेसावरीच्या खोडावर जसे काटे उठतात तशा तरुणांच्या चेहऱ्यावर उठणाऱ्या पुळ्या, असं तिचं वर्णन आहे. पाहणाऱ्याची नजर किती बारीक होती, हे त्या उपमेवरून कळतं. पण ‘तरुणांच्या’ हा शब्द आपल्या मनात असा रुतून बसला की विशी ओलांडली की मुरूम जायलाच हवेत, असं आपण धरून चालतो. मुलीला सांगतात, लग्न झालं की जातील. लग्नानंतर सांगतात, बाळंतपण झालं की जातील. चाळिशी आली तरी ती बाई वाट पाहत असते, आणि माझ्यातच काही तरी बिघाड आहे असं समजून गप्प बसते.

पंचविशीनंतरच्या मुरुमांना त्वचारोगशास्त्रात प्रौढांचे मुरूम म्हणतात. कुणाचे सोळाव्या वर्षी सुरू झालेले तसेच पुढे चालू राहतात, कुणाला पंचविशीपर्यंत एकही नसतो आणि मग सुरू होतात. बहुतेक जण पहिल्या गटातले असतात. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बर्मिंगहॅम इथे १,०१३ प्रौढांना विचारून केलेली एक पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. विशीतल्या ५०.९ टक्के, तिशीतल्या ३५.२ टक्के, चाळिशीतल्या २६.३ टक्के आणि पन्नाशी उलटलेल्या १५.३ टक्के बायकांनी आपल्याला मुरूम येतात असं सांगितलं. पुरुषांचं प्रमाण प्रत्येक वयात त्याहून कमी होतं. हे आकडे त्या गावचे, आपल्याकडचे नाहीत. पण स्कार्फआडची बाई एकटी नाही, एवढं त्यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट, मुरूम म्हणजे मळ नव्हे. आपल्या त्वचेवर प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. पुरुषांत आणि बायकांत दोघांतही असणाऱ्या अँड्रोजन हार्मोन्समुळे ती जास्त तेल सोडते. केसाच्या नळीच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं. आत तेल साठतं, त्यावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा आपल्या सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारा जिवाणू वाढतो, आणि शरीर त्याला जे उत्तर देतं त्यातून लाली, सूज, पू होतो. नळीचं तोंड उघडं असलं तर ब्लॅकहेड दिसतो. त्याचा काळा रंग धुळीचा नसतो. तो मेलॅनिनचा आणि हवा लागून काळपट झालेल्या तेलाचा असतो. म्हणून दिवसातून पाचदा साबणाने घासून तो जात नाही. घासण्याने त्वचा चिडते आणि मुरूम वाढतात.

यातली एक बाब मी प्रत्येकाला थांबवून सांगते. आज आरशात दिसलेली पुळी आज आलेली नसते. आतलं बूच कित्येक आठवडे आधी बसलेलं असतं. आपल्या गावाला मागाची भाषा कळते, म्हणून तीच वापरते: ताण्यात पडलेली गाठ कापड उतरवल्यावर डोळ्यांना दिसते, पण पडलेली असते खूप आधी. मुरुमांचं खरं औषध उद्याच्या गाठी पडू देत नाही. आज दिसणाऱ्या गाठी मात्र आपल्या वेळेनेच जातात. म्हणून कुठल्याही योग्य उपचाराला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात, आणि म्हणूनच चार दिवसांत चेहरा साफ करणाऱ्या ट्यूबचा मोह इतका मोठा असतो.

त्या ट्यूबमध्ये काय असतं? बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी एखादं स्टेरॉइड. बरेचदा त्याच्या जोडीला बुरशीचं औषध, प्रतिजैविक किंवा गोरं करणारं हायड्रोक्विनोन. स्टेरॉइड ही वाईट औषधं नाहीत. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टरांच्या हाताखाली ती मोठं काम करतात. पण मुरुमांवर लावली की ती फक्त लाली आणि सूज दाबतात. रक्तवाहिन्या आकसतात, चेहरा उजळ दिसतो, आणि खाली बूच तसंच राहतं. काही महिन्यांनी त्वचा पातळ होते, शिरा दिसू लागतात, लव वाढते, उन्हात आग होते. स्टेरॉइडमुळेच वेगळे मुरूम उठतात. ट्यूब थांबवली की सगळं एकदम उसळतं, आणि माणूस घाबरून पुन्हा तीच ट्यूब आणायला येतो. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी या अवस्थेला ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ अशा अर्थाचं वेगळं नावच दिलं आहे, इतकी ती आपल्या देशात नेहमीची झाली आहे.

देशातल्या बारा केंद्रांमधला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. त्यातल्या १०४ जणांनी ते मुरुमांसाठी लावलं होतं, आणि २५७ जणांना ते डॉक्टर नसलेल्या कुणी तरी सुचवलं होतं. जाऊ, शेजारीण, पार्लरवाली, आणि औषधाच्या दुकानातला माणूस.

त्या शेवटच्या शब्दांत मी आहे. सुरुवातीच्या वर्षांत मीही या ट्यूबा चिठ्ठीशिवाय दिल्या. गिऱ्हाईक नाव सांगायचं, मी फळीवरून काढून द्यायची. कुणी “मुरुमांवर काही तरी द्या” म्हटलं तरी हात त्याच फळीकडे जायचा, कारण चार दिवसांनी ते गिऱ्हाईक खूश होऊन परत यायचं. दोन वर्षांनी त्या चेहऱ्याचं काय होतं, ते मी पाहिलं तेव्हा उशीर झालेला होता. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने स्टेरॉइडची १४ मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. नियम झाला, तरी मोह राहिला. मी नाही म्हटलं तर सातपैकी कुठल्याही रस्त्याला लागलं की पुढे दुसरं मेडिकल आहे. म्हणून नुसतं ‘नाही’ म्हणून भागत नाही, कारण सांगावं लागतं. ही पुस्तिका लिहिण्यामागे त्या जुन्या चुकीचं ओझं आहे आणि ते मी लपवत नाही.

अशी ट्यूब तुम्ही महिनोन्‌महिने लावत असाल, तर ही प्रस्तावना इथेच ठेवून आधी त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्या. सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीतही हा उपचार होतो. ट्यूब सोबत न्या, लाजू नका. मनाने एकदम बंद केली तर आग आणि लाली इतकी होते की चार दिवसांत धीर सुटतो. डॉक्टर ती कशी उतरवायची ते ठरवतात आणि मधल्या काळात त्वचा सांभाळतात.

आता मोठ्या वयातल्या मुरुमांचं वेगळेपण. बायकांमध्ये ते बहुधा चेहऱ्याच्या खालच्या भागात, जबड्यावर, हनुवटीवर, मानेला येतात. संख्येने कमी पण खोल आणि दुखरे. पाळीच्या आधीच्या आठवड्यात वाढतात. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, डोक्याचे केस विरळ होत असतील, तर पीसीओएस आहे का, हे तपासायला हवं. पण अशी लक्षणं नसणाऱ्या बहुतेक बायकांचे हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मलच येतात. रिपोर्ट नॉर्मल आला याचा अर्थ त्रास खोटा, असा होत नाही. ग्रंथीच हार्मोनला जास्त दाद देत असते.

पुरुषांमध्ये पाठ आणि छातीही पाहावी लागते. जिममधली व्हे प्रोटीनची पावडर सुरू केल्यावर मुरूम वाढलेले अनेक तरुण काउंटरला येतात, आणि हा संबंध वैद्यकीय नोंदींतही आहे. शरीर कमावण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांचे मुरूम तर फार उग्र असतात. काही औषधांमुळेही पुळ्या उठतात: क्षयाचं आयसोनायाझिड, फिटचं फेनिटॉइन, लिथियम, पोटात घेतलेलं स्टेरॉइड. ती औषधं मनाने बंद करायची नाहीत, पण डॉक्टरांना सांगायची.

आपल्या गावचा उन्हाळाही यात आहे. घामाने भिजलेला स्कार्फ तासन्‌तास गालावर घासत राहतो. हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो. घासण्याने आणि घामाने मुरूम चिडतात. स्कार्फ सोडून द्या असं मी म्हणणार नाही, ऊनही वाईटच. सुती घ्या, सैल बांधा, रोज धुवा. डोक्याला चापून तेल लावून झोपणाऱ्यांच्या कपाळावर आणि कानशिलांवर बारीक पुळ्यांची रांग उठते. तेल लावायचंच तर केसांना लावा, कपाळावर उतरू देऊ नका.

घरगुती उपायांबद्दल मला तुटक बोलायचं नाही, कारण ते मायेने सांगितलेले असतात. पण लिंबू, खायचा सोडा, टूथपेस्ट यांनी चेहरा भाजलेले लोक मी पाहिले आहेत. साय आणि खोबरेल तेलाने मुरूम येणाऱ्या त्वचेची छिद्रं आणखी बुजतात. पुळी फोडली की पू आतही पसरतो आणि खड्डा राहतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेत पुळी गेली तरी काळा डाग कित्येक महिने राहतो. लोकांना मुरुमाइतकाच या डागाचा त्रास असतो. तो घालवायला नवी पुळी न फोडणं आणि रोज सकाळी सनस्क्रीन लावणं, या दोन गोष्टी आधी कराव्या लागतात.

खाण्याबद्दल सोलापुरात पहिला दोष शेंगांना मिळतो. शेंगाचटणी उष्ण, ती सोडा. शेंगांमुळे मुरूम येतात असं सिद्ध झालेलं नाही. उलट रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारं खाणं, म्हणजे गोड पेयं, मैद्याची बिस्किटं, मिठाई, हे कमी केल्यावर मुरूम कमी झाल्याचं ऑस्ट्रेलियातल्या तरुणांवर बारा आठवडे केलेल्या एका प्रयोगात दिसलं. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. दुधाचा संबंधही काही अभ्यासांत दिसतो. तेव्हा ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी आणि सोबत शेंगाचटणी, या ताटाला घाबरायचं कारण नाही. पण नुसत्या पथ्यावर विसंबूही नका.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. बूच बसू न देणारी ॲडापलीन, ट्रेटिनॉइन. जिवाणू मारणारं बेन्झॉइल पेरॉक्साइड. मुरूम आणि डाग दोन्हींवर चालणारं अझेलिक ॲसिड. ॲडापलीन रात्री, वाटाण्याएवढं, पुळीवर ठिपका न देता मुरूम येणाऱ्या सगळ्या भागावर पातळ पसरायचं. पहिले काही आठवडे त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, कधी मुरूम थोडे वाढतातही. इथेच निम्मे लोक औषध सोडतात. एक रात्र आड लावा, मॉइश्चरायझर लावा, डॉक्टरांना विचारा, पण सोडू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो. सोलापूरचा रंगीत टॉवेल आणि चादर जपायची असेल तर त्या दिवसांत पांढरा टॉवेल आणि पांढरा उशीचा अभ्रा वापरा.

त्यापुढची औषधं पूर्णपणे डॉक्टरांच्या हातातली. डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविकं ठरावीक महिन्यांपुरतीच घ्यायची, नाही तर जिवाणू दाद देईनासे होतात. बायकांच्या हार्मोनशी जोडलेल्या मुरुमांवर स्पायरोनोलॅक्टोन उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये ४१० बायकांवर झालेल्या चाचणीने २०२३ मध्ये ते दाखवून दिलं, आणि त्यातही खरा फरक बारा आठवड्यांपेक्षा चोविसाव्या आठवड्याला जास्त होता. आयसोट्रेटिनॉइन हे सर्वांत परिणामकारक औषध १९८२ पासून वापरात आहे. पण गरोदरपणात ते घेतलं तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. औषध सुरू करण्याआधी एक महिना, घेताना, आणि थांबवल्यावर एक महिना गर्भ राहता कामा नये. मैत्रिणीच्या उरलेल्या स्ट्रिपमधल्या गोळ्या घेऊ नका, हे मी हात जोडून सांगते. गरोदर असाल किंवा बाळाचा विचार असेल, तर लावायच्या मलमाबद्दलही आधी विचारा.

आणि मनाचं. मुरुमांनी जीव जात नाही, म्हणून घरात त्याला आजार मानत नाहीत. पण हळदीच्या कार्यक्रमात फोटोच्या वेळी मागे सरकणारी, व्हिडिओ कॉलचा कॅमेरा बंद ठेवणारा, ‘चेहऱ्याला काय झालं’ या प्रश्नाच्या भीतीने माहेरी न जाणारी, ही माणसं आपल्या आसपास आहेत. मुरुमांसोबत नैराश्य येऊ शकतं, हे डॉक्टर ओळखतात, घरच्यांनीही ओळखायला हवं. कुणाच्या चेहऱ्याबद्दल न विचारता बोलू नये, एवढा एक नियम आपण पाळला तरी पुष्कळ होईल.

त्या बाईंना मी त्या दिवशी ट्यूब दिली नाही. त्या रागावून गेल्या. चार दिवसांनी त्वचारोगतज्ज्ञांची चिठ्ठी घेऊन आल्या. तिसऱ्या आठवड्यात चेहरा लालभडक झाला, तेव्हा दुकानात येऊन रडल्या आणि जुनी ट्यूब मागितली. मी डॉक्टरांना फोन लावून दिला आणि काउंटरमागच्या कॅलेंडरवर त्यांच्या नावाने तीन खुणा केल्या. “नऊ राहिल्या,” म्हटलं. त्यानंतर त्या दर शनिवारी येऊन स्वतः एक खूण करू लागल्या, काही घ्यायचं नसलं तरी. बाराव्या खुणेच्या दिवशी गालांवर डाग होते, शिरा अजून दिसत होत्या, औषध चालू होतं. पण नवी गाठ तीन आठवड्यांत आली नव्हती.

ते कॅलेंडर मी जपून ठेवलं आहे. या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारा रिकाम्या चौकटी आहेत, त्या त्यावरूनच आल्या. औषध सुरू कराल त्या दिवसाची तारीख पहिल्या चौकटीत लिहा. तिसरी-चौथी चौकट भरताना मन डळमळेल, तेव्हा हे पान पुन्हा उघडा.

सात रस्ता, सोलापूर